परात मोठी, पन्हळ बारीक

परवा भाच्याचा फोन आला. "मामा, येताना फुल-फ्रेम कॅमेरा आणशील? पैसे साठवलेत मी." अमेरिकेतल्या मामाकडे अशा फर्माइशी यायच्याच. पण या वेळी मी चक्क नाही म्हटलं. का, ते सांगतो.

फुल-फ्रेमचा सेन्सर जुन्या ३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढा, म्हणजे ३६ बाय २४ मिमी. क्रॉप सेन्सर साधारण २३.५ बाय १५.६. क्षेत्रफळात सुमारे २.३ पटींचा फरक. पावसात मोठी परात ठेवली की पाणी जास्त जमणारच! कमी उजेडात फुल-फ्रेमचे फोटो कमी रवाळ येतात ते यामुळेच. मान्य.

पण पन्हळच बारीक असेल तर? मीही असाच हुरळून फुल-फ्रेम घेतला होता. पैसे सगळे बॉडीत गेले, लेन्स सोबत आलेली स्वस्तातली झूम. आईच्या सहस्रचंद्रदर्शनाला कार्यालयात उजेड बेताचा. झूम ७० मिमीला नेली की एफ/५.६. आईने जरा मान वळवली की फोटो हललाच. मेव्हण्यांकडे, म्हणजे या भाच्याच्याच बाबांकडे, जुनी क्रॉप बॉडी आणि ५० मिमी एफ/१.८ ची साधी लेन्स. क्रॉपवर ५० ची लेन्स ७५ सारखी दिसते, तेव्हा चौकट दोघांची जवळपास सारखीच. आता गणित करा. ५.६ भागिले १.८, त्याचा वर्ग: साडेनऊ पटींहून जास्त उजेड. माझ्या सेन्सरची कमाई २.३ पट, त्यांच्या लेन्सची साडेनऊ!

आई आता नाही. घरात भिंतीवर आहे तो फोटो मेव्हण्यांनी काढलेला.

भाचा रविवारी भिगवणला पक्षी टिपायला जातो. क्रॉपवर ३०० ची लेन्स ४५० सारखी दिसते. फुल-फ्रेमचा फोटो कापूनही तेवढंच दिसेल, पण २४ मेगापिक्सेलमधले साडेदहाच्या आसपास उरतील.

ज्याचं पोट अंधाऱ्या हॉलमधल्या लग्नांवर आहे आणि ज्याच्याकडे चांगल्या लेन्स आहेत, त्याने फुल-फ्रेम खुशाल घ्यावा. बाकीच्यांनी क्रॉप बॉडी घ्यावी आणि उरलेले पैसे लेन्सवर घालावेत. लेन्स फुल-फ्रेमसाठी बनवलेली घेतली, तर पुढे त्याच माउंटच्या मोठ्या बॉडीवरही चालते.

भाचा थोडा हिरमुसला. म्हटलं, "बाबांना विचार, तो फोटो कशाने काढला."