जंगल सरकारचे झाले कधी?

कॅनडाचे पाइन-स्प्रूसचे बहुतेक निर्यात-लाकूड शेजारच्या अमेरिकेत जाते. उलट दिशेचा माल त्यापुढे नगण्य. म्हणून १९८२ पासून भांडण. कॅनडात जंगल बहुतांशी सरकारी, उभे झाड कंपन्यांना स्वस्तात मिळते, ही सबसिडीच, असा अमेरिकी गिरणीमालकांचा दावा. २०२५ मध्ये बहुतेक कॅनडियन कंपन्यांवरचा एकूण कर सुमारे ४५ टक्क्यांवर गेला.

आम्ही वकिलीच्या सवयीने आधी सातबारा मागतो! ब्रिटिश कोलंबियाच्या बहुतांश भागात आदिवासींशी जमिनीचा करारच झालेला नव्हता. २००२ मध्ये तिथल्या आदिवासींनी जागतिक व्यापार संघटनेपुढे हेच मांडले: आमचा मोबदला बुडवणे हीच सबसिडी. २००६ चा समझोता मात्र दोन सरकारांतच झाला. परत मिळालेले ४ अब्ज डॉलर कंपन्यांकडे गेले. त्सिलकोटिन आदिवासींची सुमारे १,७५० चौरस किलोमीटरवरील मालकी कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केली, ती २०१४ मध्ये.