डिझायनर जाणारच, कारणे तरी मागे राहावीत

ॲपलचे इंटरफेस डिझाइन प्रमुख ॲलन डाय मेटाकडे निघाल्याची बातमी डिसेंबर २०२५ मध्ये आली आणि आता आयफोनचे काय होणार, याची चर्चा रंगली. वाशीमच्या शेतकऱ्याला त्याचे सोयरसुतक असण्याचे कारण नाही, असे वाटेल. पण २०२१ च्या खरिपापासून सातबाऱ्यावरचा पीकपेरा तो ई-पीक पाहणी ॲपमधून स्वतःच्या मोबाइलवरून नोंदवतो आणि तो स्क्रीनही कोणीतरी आखलेलाच असतो. या जिल्ह्यात सोयाबीनमध्ये तुरीचे तास सर्रास असते. मुख्य पीक कोणते, दुय्यम कोणते, कोणाखाली किती क्षेत्र, हे ॲपने कोणत्या क्रमाने आणि कोणत्या शब्दांत विचारावे, हा नुसत्या रंगरूपाचा प्रश्न नाही. तिथे घोळ झाला की हमीभावाच्या खरेदीपर्यंत त्याची झळ पोहोचते.

मुख्य डिझायनर गेला म्हणून दुसऱ्या दिवशी काही बिघडत नाही. बटणे जागच्या जागी असतात. नाहीशी होते ती अमुक गोष्ट तशी का ठेवली, याची माहिती. ई-पीक पाहणीच्या २०२२ च्या आवृत्तीत नोंद ४८ तासांत दुरुस्त करण्याची सोय आली. बांधावर उन्हात उभे राहून भरलेल्या माहितीत चूक व्हायचीच, हे ज्याला ठाऊक आहे त्याला ती सोय अत्यावश्यक वाटेल. ज्याला ठाऊक नाही त्याला ती अडगळ वाटू शकते. मूळ ॲप टाटा ट्रस्टच्या साहाय्याने घडले, पुढे केंद्राच्या डिजिटल क्रॉप सर्व्हेची चौकट आली आणि गटापासून ५० मीटरच्या आत फोटो काढण्याची अट लागली. घरबसल्या होणाऱ्या नोंदी रोखण्याचा तिचा हेतू रास्तच आहे. पण जीपीएसने जागा चुकीची दाखवली तर शेतात उभ्या असलेल्या खऱ्या शेतकऱ्याने काय करायचे, याचे उत्तर त्याच आराखड्यात हवे. व्यवस्था अशी हातोहात बदलते तेव्हा नियम पुढे जातात, त्यांच्यामागचा विचार मात्र वाटेत गळू शकतो.

यावर कोणी म्हणेल, नवा माणूस नवी नजर आणतो. खरे आहे; आणि जुना टिकला म्हणजे सगळे आलबेल, असेही नाही. ॲपलच्या लिक्विड ग्लासची पारदर्शक मांडणी डाय यांच्याच काळात आली, अक्षरे नीट वाचता येत नाहीत अशी ओरड झाली आणि आयओएस २६.१ मध्ये ती पारदर्शकता कमी करण्याचा पर्याय द्यावा लागला. म्हणजे भरवसा व्यक्तीवर टाकून भागत नाही. दुसरा आक्षेप असा की, सरकारी कामात बदल्या आणि कंत्राटे ठरलेलीच. म्हणूनच प्रत्येक निर्णयाचे कारण लिहून सोपवणे ही कंत्राटातलीच अट हवी आणि नवी आवृत्ती राज्यभर लागू करण्याआधी मानोरा-मालेगावसारख्या तालुक्यांत बांधावर तपासली जावी. त्याला वेळ आणि पैसा लागेल. पण तो आज वाचवला तर त्याची किंमत शेतकरी तलाठ्याकडे हेलपाटे घालून चुकवतो.