परमुलखातली हाक आणि सुरतेचा जबाब

जानेवारी 1664 मध्ये मराठी फौज सुरत लुटत होती, तेव्हा एका घराला कुणी हात लावला नाही. ते घर कॅपुचिन पंथाचे पाद्री फादर अँब्रोज यांचे. फिरंगी पाद्री भले लोक आहेत, त्यांच्या वाटेला जाऊ नका, अशी शिवाजी महाराजांची ताकीद होती, असे फ्रेंच प्रवासी बर्निए लिहितो. म्हणजे सुरतेला पाद्री नवा नव्हता. नवा होता तो धर्मप्रसारासाठीच समुद्र ओलांडून येणारा प्रोटेस्टंट मिशनरी, आणि त्याला अजून दीडशे वर्षे अवकाश होता.

इंग्रजांच्या वखारीतही पाद्री असत. त्यांच्यातल्या हेन्री लॉर्डने 1630 मध्ये बनिया आणि पारशी यांच्या धर्मांवर पुस्तक छापले. त्यात टीका भरपूर आहे, पण या पाद्रींचे काम वखारीतल्या गोऱ्यांपुरते होते. मिशनरी आला की रयत बिथरेल आणि रयत बिथरली की व्यापार बुडेल, असा कंपनी सरकारचा रोकडा हिशेब. इंग्लंडमधल्या धर्मनिष्ठांनी पार्लमेंटवर दबाव आणला, 1813 ची सनद निघाली आणि मिशनऱ्यांना वाट मोकळी झाली. दोनच वर्षांनी लंडन मिशनरी सोसायटीचे जेम्स स्किनर आणि विल्यम फायवी सुरतेत उतरले.

त्यांनी शाळा काढल्या, बाजारात प्रवचने केली, आणि खरा जोर लावला तो छापखान्यावर. 1823 पर्यंत गुजरातीत संपूर्ण बायबल तयार झाले. इथे एक आडवळण घेतो. सुरतेचाच सावकार भीमजी पारेख याने 1670 च्या दशकात कंपनीकडे छपाईचा कारागीर मागितला होता. आपले जुने ग्रंथ त्याला छापायचे होते. हेन्री हिल्स नावाचा मुद्रक विलायतेहून आला खरा, पण देशी लिपीचे खिळे पाडणे त्याला जमेना आणि बेत बारगळला. तो जमता तर सुरतेतल्या छपाईचा आरंभ वेगळ्या ग्रंथांनी झाला असता. भीमजीची हौस त्याच्याच गावात पुरी झाली ती दीडशे वर्षांनी, परक्यांच्या हातून आणि परक्या ग्रंथासाठी.

स्किनर 1821 मध्ये वारला. आयर्लंडच्या प्रेस्बिटेरियन मंडळींनी 1840 मध्ये आपली महासभा स्थापली आणि पहिल्याच बैठकीत अलेक्झांडर कर आणि जेम्स ग्लासगो यांना काठेवाडात धाडायचे ठरवले. राजकोटला पोहोचून काही महिने होतात न होतात तोच कर तापाने गेला. पुढे सुरतेचे कामही याच आयरिश मिशनने लंडनकरांकडून आपल्याकडे घेतले. घरदार सोडून निघालेल्या या तरुणांना साम्राज्याचे हस्तक म्हणून मोकळे होणे सोपे आहे. मला ते पटत नाही. साम्राज्याची सावली त्यांच्यावर होती, आणि इथल्या धर्माविषयीची त्यांची भाषा पुष्कळदा उर्मट होती. तरीही नुसत्या लाभासाठी कुणी असे मरण पत्करत नाही.

या सगळ्या खटाटोपातून सुरत शहरात ख्रिस्ती किती झाले? फारच थोडे. मिशनच्या कर्त्यांनी याला अपयश मानले. माझ्या मते मिशनऱ्यांच्या येण्याचे सर्वांत मोठे फळ सुरतेतच निघाले, फक्त ते चर्चमध्ये निघाले नाही. 22 जून 1844 रोजी तिथे मानवधर्म सभा स्थापन झाली. पुढाकार होता दुर्गाराम मेहताजींचा, आणि त्यांच्या जोडीला होते दादोबा पांडुरंग तर्खडकर, मराठी व्याकरणकार, तेव्हा सुरतेच्या इंग्रजी शाळेत शिक्षक. मूर्तिपूजा, जातिभेद आणि विधवांचे हाल यांवर मिशनरी जे बोट ठेवत होते, तिथेच या मंडळींनीही ठेवले. पण त्यासाठी बाप्तिस्मा घ्यावा लागतो हे त्यांनी नाकारले. मंत्रतंत्रवाल्यांना त्यांनी उघड आव्हान दिले की सामर्थ्य असेल तर दाखवा. सभा फार वर्षे टिकली नाही. दुर्गाराम राजकोटला गेले आणि ती विझत गेली.

दादोबा त्याआधीच मुंबईला परतले होते. 1849 मध्ये तिथे परमहंस सभा सुरू झाली. सभासदाने ख्रिस्ती माणसाच्या हातची भाकरी खायची, मुसलमानाच्या हातचे पाणी प्यायचे, आणि हे सारे दाराआड. गुप्तता फुटली तशी सभाही फुटली, पण 1867 च्या प्रार्थना समाजाचे बीज तिच्यात होते आणि दादोबांचे धाकटे बंधू आत्माराम त्या समाजाचे संस्थापक. याच परमहंस सभेत वावरलेले बाबा पदमनजी मात्र 1854 मध्ये ख्रिस्ती झाले. एकाच बैठकीतून दोन वाटा फुटल्या आणि दोन्ही वाटांवर मराठी गद्य चालले. आपल्या प्रबोधनाचा इतिहास पुणे-मुंबईपासून मोजणाऱ्यांनी सुरतेच्या मानवधर्म सभेकडे एकदा पाहायला हवे.

ख्रिस्तींची गणती वाढली ती शहराबाहेर. अमेरिकेच्या चर्च ऑफ द ब्रेदरनचे विल्बर स्टोव्हर 1894 मध्ये आले आणि वलसाडला स्थिरावले. 1899-1900 च्या छप्पनियाच्या दुष्काळात मिशनने अनाथ मुले सांभाळली. मग वाट डोंगराकडे वळली: व्यारा, डांग, आणि आपल्याकडचे डहाणू. जिथे सावकार आणि जंगलखाते सोडून बाहेरचे कुणी फिरकत नव्हते तिथे शाळा आणि दवाखाना आला. लोक नव्या धर्माकडे का गेले याचे उत्तर मिशनऱ्यांच्या वक्तृत्वापेक्षा या उपेक्षेत अधिक सापडते.

डिसेंबर 1998 मध्ये, ऐन नाताळात, डांगमध्ये चर्चवर हल्ले झाले. जानेवारीत पंतप्रधान वाजपेयी तिथे गेले आणि धर्मांतरावर राष्ट्रीय चर्चा व्हावी असे म्हणाले. चर्चा झाली नाही, 2003 मध्ये गुजरातचा कायदा झाला. धर्मांतर घडवणाऱ्याने आधी जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी, असे तो सांगतो. मिशनच्या जुन्या अहवालांनी डोकी मोजली, कायद्याचे कैवारीही डोकीच मोजतात. ज्याचे मन पालटते त्याची कारणे दोघांच्याही रकान्यांत बसत नाहीत.

शिवाय या वादातला पाद्री अजून गोराच रंगवला जातो. दक्षिण गुजरातच्या डोंगरांत गेल्या काही दशकांत काम करणारे फ्रेंड्स मिशनरी प्रेयर बँड हे मंडळ तमिळनाडूचे. तिथला प्रचारक बेलफास्टहून जहाजाने नव्हे, तिरुनेलवेलीकडून रेल्वेने येतो, आणि डांगची बोली तो कुकणा माणसाच्या अंगणात बसून शिकतो.