वारसा पाहणाऱ्यांचें मंडळ

प्रवासाची हौस मूळची एकट्याची असली, तरी पाहिलेलें चारचौघांत वांटून घ्यावेसें वाटणें हेंही तितकेंच स्वाभाविक आहे. अजिंठा पाहून घरीं आलेल्या माणसाला पहिली आठवण होते ती जो बरोबर नव्हता त्याची. या ओढींतूनच प्रवासी मंडळें जन्मास येतात. मात्र जन्मास येणें निराळें आणि जगणें निराळें. पहिल्या सहलीचा उत्साह चौथ्या सहलीपर्यंत टिकला, असें मंडळ विरळाच.

हा विषय आज काढण्यास कारण घडलें आहे. ११ जुलै २०२५ रोजीं पॅरिस येथें जागतिक वारसा समितीच्या ४७ व्या अधिवेशनांत, मराठ्यांच्या लष्करी भूप्रदेशाचे प्रतिनिधि म्हणून बारा किल्ले जागतिक वारसा यादींत नोंदले गेले. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग व सिंधुदुर्ग हे अकरा महाराष्ट्रांतील, आणि बारावा तामिळनाडूंतील जिंजी. आम्हां कोल्हापूरकरांना पन्हाळा म्हणजे अवघ्या वीस किलोमीटरांवरची, जणूं अंगणांतलीच जागा. त्यापूर्वीं २०१२ मध्यें पश्चिम घाटाची नोंद झाली, तिच्या ३९ घटकांत राधानगरीचें अभयारण्यही आहे. म्हणजे कोल्हापुराच्या दोन दिशांना जगाचे दोन ठेवे उभे आहेत. एक दगडांचा, दुसरा झाडांचा. अशा वेळीं पांचसात कुटुंबांनीं एकत्र येऊन मंडळ काढावें असा विचार घरोघरीं निघत असल्यास नवल नाहीं. तें अवश्य काढावें. पण तें चालवावें कसें, याचा विचार आधीं केलेला बरा.

या यादीचा पूर्वेतिहास थोडक्यांत सांगितला पाहिजे, कारण मंडळाचें पहिलें दुखणें तेथूनच उद्भवतें. ईजिप्तमध्यें अस्वानचें नवें धरण बांधण्याचें ठरलें, तेव्हां अबू सिंबेलचीं प्राचीन देवळें पाण्याखालीं जाणार होतीं. १९६० मध्यें युनेस्कोनें जगाला हांक घातली. अनेक राष्ट्रांनीं पैसा व तज्ज्ञ दिले, देवळें कापून सुटीं केलीं गेलीं आणि उंचावर पुन्हां उभीं राहिलीं. १९६८ मध्यें तें काम पुरें झालें. एका देशाची वास्तु वांचविण्याचा भार इतरांनींही उचलावा, ही कल्पना या अनुभवानें दृढ झाली व १९७२ च्या जागतिक वारसा कराराच्या रूपानें तिला कायमचें स्वरूप मिळालें. १९७८ मध्यें यादींत पहिलीं १२ स्थळें आलीं. २०२५ च्या अधिवेशनाअखेर त्यांची संख्या १,२४८ झाली. यादी निघाली ती जबाबदारी वांटून घेण्यासाठीं. पण हौशी प्रवाशाच्या हातीं पडतांच ती मोजणीची पट्टी होऊन बसते.

मंडळाच्या बैठकींत मग कोणी म्हणतो, "आमचीं चाळीस झालीं", दुसरा म्हणतो, "आमचीं साठ." ज्यांचे चिरंजीव परदेशीं नोकरीस आहेत त्यांचा आंकडा फुगत जातो, आणि ज्या काकूंनीं जन्मांत पन्हाळा, अजिंठा व वेरूळ एवढेंच पाहिलें, त्या हळूहळू बोलेनाशा होतात. पुढच्या बैठकीस त्या येत नाहींत. मंडळें भांडणानें मोडतात अशी समजूत आहे. वास्तविक बहुतेक मंडळें अशा गप्प होण्यानें मोडतात. म्हणून आमची पहिली सूचना अशी कीं, मंडळांत कोणीं किती स्थळें पाहिलीं हा प्रश्न विचारूंच नये. एका स्थळाविषयीं किती जाणलें, एवढेंच विचारावें.

यासाठीं प्रत्येक मंडळानें एक स्थळ आपलें घर मानावें व पहिलें वर्ष त्यालाच द्यावें. कोल्हापूरकरांना तें शोधावयास नको. पन्हाळा एका दिवसांत 'होतो' असें म्हणणारे पुष्कळ आहेत. तीन दरवाजा, सज्जाकोठी, अंधारबाव, अंबरखाना, आणि संध्याकाळीं परत. पण तेथील एकेक वस्तु एकेका घरानें वांटून घेतली तर काय होतें पाहा. एका घरानें शिलाहार राजा दुसरा भोज याचा काळ घ्यावा. गडाची मूळ बांधणी त्याच्या नांवाशीं जोडलेली आहे. दुसऱ्यानें १६५९ चा नोव्हेंबर घ्यावा. अफझलखानाच्या वधानंतर अवघ्या कांहीं दिवसांत शिवाजी महाराजांनीं पन्हाळा कसा घेतला, हें शोधावें. तिसऱ्यानें १६७३ मधील कोंडाजी फर्जंदाचा छापा घ्यावा. ज्या घरांत काव्याची आवड आहे त्यांनीं मोरोपंत घ्यावे. १७२९ मध्यें त्यांचा जन्म याच गडावर झाला आणि पुढें ते बारामतीस गेले. मुलांना अंबरखाना द्यावा. गंगा, यमुना व सरस्वती हीं धान्याच्या कोठारांचीं नांवें त्यांच्या तोंडीं दोन दिवसांत बसतात. आणि १८४४ चें गडकऱ्यांचें बंड कोणीतरी अवश्य घ्यावें; चार दरवाजा आज कां दिसत नाहीं, याचें उत्तर त्यांत आहे. इतकें झाल्यावर ज्या काकू गप्प बसत होत्या, त्यांच्याजवळ सांगण्यासारखें पुष्कळ निघतें.

दुसरी गोष्ट मंडळाच्या वहीची. सहलींचीं छायाचित्रें हल्लीं इतकीं निघतात कीं, तीं पुन्हां पाहण्यास कोणास सवड होत नाहीं. वही मात्र राहते. ती प्रत्येक घरीं आठवडाभर असावी व तिच्या पानाचे तीन भाग पाडावे: पाहिलें, वाचलें, ऐकलें. स्वतः मोजलेल्या पायऱ्या पहिल्या भागांत. ग्रंथांतून घेतलेली गोष्ट, ग्रंथाच्या नांवासह, दुसऱ्यांत. आणि गडावरील म्हाताऱ्या माणसानें किंवा वाटाड्यानें सांगितलेली कथा तिसऱ्यांत. गंगा कोठीमध्यें पंचवीस हजार खंडी धान्य राहत असे, हें वाक्य आपण सारेच बोलतों. पण तें वहींत लिहितांना कोणत्या भागांत घालावें याचा क्षणभर विचार पडतो, आणि तो विचार हेंच मंडळाचें खरें शिक्षण होय. ऐकलेल्या कथेचा अपमान करावयाचा नाहीं; तिला तिची जागा द्यावयाची.

या पद्धतीनें कित्येक वाद आपोआप शमतात. शिवाजी महाराज सिद्दी जौहराच्या वेढ्यांतून निसटले तो दिवस १२ जुलै १६६० कीं १३, यावर दोन सुशिक्षित गृहस्थ तावातावानें भांडतांना आढळतात. रात्रीं गड सोडला आणि खिंडींतील लढाई दुसऱ्या दिवशीं झाली, असें असतां एकाच पराक्रमाला दोन तारखा चिकटाव्या यांत आश्चर्य तें काय? दोघांनींही आपापला आधार वहींत लिहावा आणि चहा घ्यावा. बाजीप्रभु देशपांडे व शिवा काशिद यांचें मोठेपण एका दिवसाच्या फरकानें उणें होत नाहीं.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि ती बहुधा कोणाच्या लक्षांत येत नाहीं. पन्हाळा ही ओसाड वास्तु नव्हे. गडावर नगरपरिषद आहे, शाळा आहेत, तीन हजारांच्या आसपास माणसांची वस्ती आहे. संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरांच्या आंत नवें बांधकाम करण्यास कायद्यानें मनाई आहे, आणि त्यापुढील दोनशे मीटरांत परवानगीवांचून कांहीं करतां येत नाहीं. १९५८ च्या कायद्यांत २०१० मध्यें झालेल्या दुरुस्तीनें हे नियम पक्के झाले. पाहुण्याला हा नियम किती योग्य वाटतो! पण मुलाचें लग्न ठरलें म्हणून घराला एक खोली वाढवूं पाहणाऱ्या गडकऱ्याला तो कसा वाटत असेल? यादींत नांव येण्यापूर्वीं गडावरील रहिवाशांच्या मनांत नव्या निर्बंधांची धास्ती निर्माण झाली होती, ती कांहीं उगीच नव्हती.

असाच पेंच अन्यत्रही पडलेला आहे. जर्मनींतील ड्रेस्डेन शहरीं एल्ब नदीच्या खोऱ्याची नोंद जागतिक वारशांत झाली होती. तेथें रहदारीसाठीं नवा पूल हवा होता. २००५ मध्यें नागरिकांनीं मतदानानें पुलाच्या बाजूनें कौल दिला. आणि २००९ मध्यें तें खोरें यादींतून काढून टाकण्यांत आलें. इंग्लंडमधील लिव्हरपूल बंदराचें नांव २०२१ मध्यें असेंच गेलें. दूरच्या माणसाला या नागरिकांना अरसिक म्हणणें सोपें आहे. परंतु जो रोज नदी ओलांडतो त्याची अडचण आणि जो जन्मांत एकदां नदी पाहावयास येतो त्याचें सुख, हीं एकाच तराजूंत कशीं घालावीं? उलट, आज सोयीसाठीं मोडलेली गोष्ट उद्यां नातवंडांना कोणी परत देऊं शकत नाहीं, हेंही तितकेंच खरें. या प्रश्नाचें उत्तर मंडळानें द्यावें अशी अपेक्षा नाहीं. तो प्रश्न मंडळाला ठाऊक असावा, इतकी मात्र आहे.

म्हणून मंडळांत गडावर राहणारें निदान एक कुटुंब सभासद असलेंच पाहिजे. तेंही वाटाड्या म्हणून नव्हे, तर बरोबरीच्या नात्यानें. वर्षांतून एक बैठक त्यांच्या सोयीनें ठरवावी व त्या दिवशीं आपण कमी बोलावें. गडावर गेल्यावर जेवण तेथेंच विकत घ्यावें, कचरा परत आणावा, कोणाच्या दारांत उभें राहून छायाचित्र काढावयाचें तर आधीं विचारावें. एखादा चिरा निखळलेला दिसला तर हळहळून परतूं नये. तारीख घालून पत्र लिहावें. कोणाला लिहावयाचें हें माहीत असलें म्हणजे झालें. पन्हाळा, रायगड, शिवनेरी, लोहगड, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग, सिंधुदुर्ग व जिंजी हे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रक्षणाखालीं आहेत. साल्हेर, राजगड, खांदेरी व प्रतापगड हे राज्याच्या पुरातत्त्व खात्याकडे. भिंतीवर नांव कोरणाऱ्यास केंद्राच्या कायद्यानें दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊं शकतात, हें मुलांना निघण्यापूर्वींच सांगून ठेवावें.

आतां घरांतली गोष्ट. वारशाच्या दर्शनास वीस माणसें निघालीं, पहांटे चार वाजल्यापासून दोघी सुनांनीं वीस डबे भरले, आणि त्या दोघी मात्र मागें राहिल्या, असें झालें तर त्या सहलींत कांहीं चुकलें आहे. डबे नकोत, वर जाऊन पिठलें-भाकरी खावी. घर सांभाळावयास कोणी राहणें भागच असेल तर पाळी लावावी, आणि त्या पाळींत पुरुषांचींही नांवें असावीं. गुडघे दुखणाऱ्या आजोबांसाठीं पन्हाळ्यासारखें सोयीचें स्थळ नाहीं, कारण गाडी वरपर्यंत जाते. वर्गणी थोडी व सर्वांना सारखी असावी, हिशेब प्रत्येक बैठकींत वाचावा, आणि चिटणीस दर वर्षीं बदलावा. एकाच उत्साही माणसावर चाललेलें मंडळ त्याची बदली झाली कीं संपतें.

राधानगरीस जावयाचें तर रीत निराळी. तेथें पाहण्यापेक्षां ऐकणें अधिक. गवा दिसेल अशी हमी कोणी देऊं शकत नाहीं, आणि मोठ्या घोळक्यानें, बोलत बोलत गेल्यास तर तो नक्कीच दिसत नाहीं. चारचार जणांनीं, वनखात्याचे नियम पाळून जावें. ज्यांना कांहींच दिसलें नाहीं त्यांनींही वहींत तसेंच लिहावें. त्यांतही एक शिस्त आहे.

आणि दूरचें? तें वर्ज्य नाहीं. पण घरचा धागा धरून दूर जावें. छत्रपति राजाराम महाराज १६८९ च्या सप्टेंबरांत पन्हाळ्याहूनच जिंजीस निघाले, आणि ती जिंजी मोगलांच्या वेढ्यास तोंड देत १६९८ च्या आरंभापर्यंत टिकली. ज्या मंडळानें पन्हाळा जाणला, त्याला जिंजी परकी वाटणार नाहीं. तेथील तट पाहतांना आपल्या घरच्या वाटेचें दुसरें टोंक पाहिल्याचा अनुभव येईल. बारा किल्ल्यांची नोंद एकत्र कां झाली, याचा उलगडाही मग पुस्तकावांचून होईल.

तेव्हां ज्यांच्या मनांत असें मंडळ काढावयाचें आहे त्यांनीं मोठी घटना, पदाधिकारी व छापील पत्रिका यांच्या मागें लागूं नये. पांच-सात घरें, एक वही, गडावरचें एक कुटुंब, आणि पावसाळा, हिंवाळा व उन्हाळा या तिन्ही ऋतूंत पन्हाळ्याची एकेक फेरी; पहिल्या वर्षाला एवढें पुष्कळ झालें. वर्षअखेर वही उघडून पाहावी. तिच्यांतील 'पाहिलें' हा भाग प्रत्येक घराच्या हस्ताक्षरानें भरलेला असेल, तर मंडळ जगलें असें समजावें आणि मग जिंजीच्या तिकिटांचा विचार करावा.