पाटी बदलली, पैलवान तोच

डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकी कुस्ती कंपनीचा चाहता प्रतिस्पर्धी एईडब्ल्यूचं नाव निघालं की नाक मुरडतो आणि एईडब्ल्यूवाला डब्ल्यूडब्ल्यूईला सर्कस म्हणतो. पण एका मुद्द्यावर दोघांचं एकमत असतं: निष्ठा असावी ती कंपनीवर. झगमगाट, संगीत, कथानक, पट्टा सगळं कंपनीचं, मल्ल हा त्या वाड्यातला भाडेकरू. तो उठून समोरच्या वाड्यात गेला तर गद्दार, आणि त्याच्यामागे जाणारा चाहता उठवळ. हा युक्तिवाद ऐकायला ठाशीव आहे. पण तो चुकीचा आहे, शिवाय मल्लाच्या पोटावर पाय आणणारा आहे.

चुकीचा कसा, हे डब्ल्यूडब्ल्यूईनेच एकदा प्रयोग करून दाखवलं. 1996 मध्ये स्कॉट हॉल आणि केव्हिन नॅश तेव्हाची डब्ल्यूडब्ल्यूएफ सोडून टेड टर्नरच्या डब्ल्यूसीडब्ल्यूत गेले. एक ‘रेझर रॅमोन’ म्हणून गाजलेला, दुसरा ‘डीझल’ म्हणून. ही नावं कंपनीच्या मालकीची होती. तेव्हा मालक विन्स मॅकमहनने त्याच नावांनी, त्याच वेशात दुसरे दोन मल्ल उभे केले. नाव तेच, रिंगण तेच, कंपनी तीच. प्रेक्षकांनी त्यांची हुर्यो उडवली आणि तो उद्योग थोड्याच महिन्यांत गुंडाळावा लागला. नकली डीझल झालेला ग्लेन जेकब्स पुढच्याच वर्षी ‘केन’ म्हणून आला आणि डोक्यावर घेतला गेला. उसन्या नावाखाली त्याला कोणी विचारलं नव्हतं. त्याआधी, 1994 मध्ये, नकली अंडरटेकरही आणून झाला होता. तो ब्रायन ली. आपल्याकडच्या वाचकांना तो वेगळ्या कारणाने आठवेल: 1996 च्या ‘खिलाडियों का खिलाडी’त अक्षयकुमारशी लढणारा अंडरटेकर तोच. आपण त्याला खरा समजून टाळ्या वाजवल्या, हे कबूल. पण थिएटरात कोणत्या कंपनीसाठी गेलो होतो? कंपनीचं नाव तेव्हा किती पोरांना धड सांगता आलं असतं?

कंपनीनिष्ठांचा आवडता दाखला डब्ल्यूसीडब्ल्यूचा असतो. सोमवारच्या रात्री टीव्हीवर दोन कंपन्या समोरासमोर उभ्या राहिल्या, ऐंशीहून अधिक आठवडे सलग डब्ल्यूसीडब्ल्यू प्रेक्षकसंख्येत पुढे राहिली, आणि 2001 च्या मार्चमध्ये प्रतिस्पर्ध्यालाच विकली गेली. ते म्हणतात, तारे होते, तरी बुडाली. म्हणजे ताऱ्यांवर काही चालत नाही. पण बुडाली कशाने ते पाहा. हल्क होगनसारखी जुनी नावं वरच्या खुर्चीवरून हलेनात, आणि ख्रिस जेरिको, एडी गरेरो यांना वर वाटच मिळेना. ते समोर गेले आणि समोर मोठे झाले. तिकडे ऑस्टिन आणि रॉक यांनी आधीच पारडं फिरवलं होतं. पारडं फिरवणारीही माणसंच होती. मॅकमहनची पाटी तर हरत होती तेव्हाही तीच होती.

आता पोटाचा मुद्दा. हॉल आणि नॅश गेले ते हमखास रकमेच्या करारांवर. मॅकमहनकडे तोवर गर्दी जमेल तसे पैसे मिळत. दोघे गेल्यावर त्यालाही हमखास रकमेचे करार द्यावे लागले. चाहता मल्लाच्या मागे जातो हे मालकाला कळलं की मल्लाचा भाव वाढतो, आणि चाहता पाटीला चिकटून बसला की मल्ल मालकाच्या दयेवर जगतो. ज्याला आपण उठवळपणा म्हणतो तो मल्लाच्या हातातला एकमेव पत्ता आहे. कोडी ऱ्होड्सने एईडब्ल्यू उभी करायला हात लावला, तिचा पदाधिकारी झाला, आणि 2022 मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईत परतला. निष्ठेच्या कायद्याने दोन्हीकडच्या चाहत्यांनी त्याला हाकलायला हवं होतं. दोन वर्षांनी त्याने रोमन रेन्सला हरवून मुख्य पट्टा जिंकला तेव्हा फिलाडेल्फियाचं मैदान त्याच्यासाठी उभं राहिलं.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. ताऱ्याचं नुसतं नाव आणून भागत नाही. 2010 मध्ये टीएनए या आणखी एका कंपनीने होगनला आणून पुन्हा सोमवारची लढाई मांडली आणि थोड्याच दिवसांत माघार घेतली. आपल्या घराजवळचं उदाहरण ‘रिंग का किंग’चं. टीएनएचाच हा भारतीय अवतार पुण्यात बालेवाडीला चित्रित झाला आणि 2012 च्या जानेवारीपासून कलर्सवर दिसला. स्कॉट स्टायनर आला, मॅट मॉर्गन आला, हरभजनसिंगचा चेहरा जाहिरातीला होता. तीनेक महिन्यांत संपलं, दुसरा हंगाम नाही. यातून सिद्ध होतं ते एवढंच की तारा रुजायला वर्षं लागतात आणि आपल्या वाहिन्यांना तेवढा धीर नसतो. त्याच बालेवाडीतून पुढे आलेला महाबली शेरा नंतर टीएनएत लढला, मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईच्या प्रशिक्षण केंद्रात जाऊन आला, पुन्हा परतला. ज्या कार्यक्रमाने त्याला आणलं तो आज कोणाला आठवत नाही.

इथे लखनौला जावं लागेल, दोन कारणांनी. पहिलं कारण जुनं आहे. 1916 च्या डिसेंबरात काँग्रेसच्या अधिवेशनासाठी लोकमान्य टिळक लखनौ स्थानकावर उतरले. सुरतेच्या फुटीनंतर नऊ वर्षांनी जहाल-मवाळ एका मांडवात येत होते. स्वागत समितीत मवाळांचा भरणा. लोकमान्यांना मोटारीत बसवून गाजावाजा न करता न्यावं असा तिचा बेत. रामप्रसाद बिस्मिल यांनी आत्मकथेत सांगितलंय की पोरं मोटारीपुढे आडवी पडली, स्वतः बिस्मिलही. शेवटी भाड्याची घोडागाडी आणली, तिचे घोडे सोडले आणि पोरांनी हातांनी गाडी ओढत मिरवणूक काढली. टिळकांना आखाड्यात ओढलं म्हणून कोणी रागावू नये. कॉलेजात असताना एक वर्ष त्यांनी अभ्यास बाजूला ठेवून शरीर कमावलं होतं, त्यांना आखाडा परका नव्हता. मुद्दा असा की नऊ वर्षं टिळक मूळ काँग्रेसच्या मांडवाबाहेर होते आणि त्यांच्या लोकांनी त्या काळात त्यांना सोडलं नाही. मांडव बदलले, माणूस तोच राहिला. त्या पोरांना उठवळ म्हणायची कोणाची छाती आहे?

दुसरं कारण ताजं. लखनौच्या चारबाग स्थानकावर उतरून पूर्वांचलातली खेळाडू पोरं ज्या गुरू गोविंदसिंह स्पोर्ट्स कॉलेजात जातात, तिथे भदोहीकडच्या ट्रकचालकाचा एक मुलगा भाला फेकायचा. रिंकू सिंग. 2008 मध्ये बेसबॉलचा चेंडू वेगाने टाकण्याची स्पर्धा त्याने जिंकली आणि त्याच स्पर्धेतल्या दिनेश पटेलसोबत पिट्सबर्ग पायरेट्सचा करार मिळवला. त्यावर हॉलिवूडने 2014 मध्ये चित्रपट काढला. 2018 मध्ये तो डब्ल्यूडब्ल्यूईत गेला. कंपनीने त्याचं नाव बदललं, कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात रुद्राक्ष चढवले आणि ‘वीर महान येतोय’ अशी जाहिरात महिनोन्‌महिने चालवली. तो अखेर 2022 च्या एप्रिलमध्ये आला. पुढे त्याच्या वाट्याला काय आलं? नावाजलेल्या विरोधकांशी मोजक्या लढती, मग जोडी, मग पडदा. 2024 मध्ये करार संपवला. कंपनीच तारा घडवते म्हणणाऱ्यांनी सांगावं, इतक्या दिवसांची जाहिरात कुठे गेली? त्याची खरी कहाणी भाल्याची, ट्रकची आणि परदेशातल्या अनोळखी खेळाची होती. कंपनीने ती झाकून वर रुद्राक्ष ठेवले. 2025 मध्ये वृंदावनात प्रेमानंद महाराजांच्या आश्रमात सेवा करणाऱ्या त्याची चित्रफीत देशभर फिरली. करार नाही, रिंगण नाही, तरी लोकांनी ओळखलंच.

झेंडा दाखवूनही तारा होत नाही. 2017 मध्ये भारतीय वंशाच्या जिंदर महलला भारताच्या बाजारासाठी विजेता केलं गेलं. दिल्लीच्या कार्यक्रमाआधीच त्याचा पट्टा गेला, आणि दिल्लीत तो ट्रिपल एचकडून हरला. तिथल्या गर्दीत ट्रिपल एचच्या नावाचा गजर काही कमी नव्हता.

‘ही नुरा कुस्ती, आधीच ठरलेली, तिच्यावर निष्ठा ती काय?’ असं विचारणाऱ्यांना फार वेळ देत नाही. दारासिंग-किंगकाँगच्या लढतींबद्दलही मुंबईत अशी कुजबुज होतच होती. वरळीचं स्टेडियम तरी भरायचंच, कारण लोक दारासिंगला बघायला जात. नाटकाचा शेवट ठाऊक असूनही लोक नटासाठी तिकीट काढतात, तसंच हे.

आणि ठरलेली कुस्ती नको असेल तर खरी घ्या. आपल्या महाराष्ट्रात गेली काही वर्षं कुस्तीच्या दोन पाट्या आहेत. एका बाजूला मामासाहेब मोहोळांची परंपरा सांगणारी कुस्तीगीर परिषद, दुसरीकडे कुस्तीगीर संघ. न्यायालय, मान्यता, राजकारण सगळं आलं. परिणाम असा की 2023 च्या नोव्हेंबरात एकाच महिन्यात दोन महाराष्ट्र केसरी झाले. फुलगावला सिकंदर शेखने शिवराज राक्षेला काही सेकंदांत चितपट केलं. काही दिवसांनी धाराशिवला तोच शिवराज दुसऱ्या पाटीखाली उतरला आणि हर्षवर्धन सदगीरला हरवून गदा घेऊन गेला. दोन्हीकडे गर्दी. कोणाच्या तोंडी संघटनेचं नाव होतं? त्याच वर्षी जानेवारीत कोथरूडला सिकंदरशी लढणाऱ्या महेंद्र गायकवाडच्या टांग डावाला गुण दिल्यावरून सिकंदरच्या चाहत्यांनी समाजमाध्यमांवर रान उठवलं होतं. पंचाला धमकी देण्यापर्यंत मजल गेली ती निषेधार्हच. पण तो संतापही माणसासाठी होता, परिषदेसाठी वा संघासाठी नव्हे. 2025 मध्ये अहिल्यानगरला पृथ्वीराज मोहोळ केसरी झाला. तिथे उपांत्य फेरीत शिवराजने पंचाला लाथ मारली आणि तीन वर्षांची बंदी ओढवून घेतली. बंदी रास्तच होती. मार्चअखेर त्याच जिल्ह्यात, कर्जतला, वेताळ शेळकेच्या खांद्यावर दुसरी गदा आली.

जत्रेतल्या फडाचं पोस्टर पाहा. वरची अर्धी जागा पुढाऱ्यांच्या फोटोंनी खाल्लेली असते, तरी लोकांची नजर थेट खाली, नंबर एकच्या जोडीवर जाते. हलगी वाजायला लागल्यावर आयोजक कोण हे कोणी विचारत नाही.

म्हणून परिषद आणि संघ, दोघांच्याही पदाधिकाऱ्यांना सांगणं आहे. प्रेक्षकांकडे निष्ठेच्या शपथा मागू नका. त्यांना कोणाच्या कुस्त्या लागल्यात तेवढं सांगा. गदा एक करता आली तर उत्तमच. नाही जमलं तर पैलवानाला दोन्ही फडांत उतरू द्या, दोन्हीकडचं मानधन घेऊ द्या. आणि बंदी घालायची तर ती पंचावर हात उचलल्याबद्दल घाला, समोरच्या फडात लांग बांधल्याबद्दल घालू नका.