उपासकाचे कमळ आणि आमची वही

सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर जाणारी आपली माणसे दादरला उतरतात, रांगेत उभी राहून अभिवादन करतात, पुस्तके-कॅलेंडरे घेतात आणि रात्रीच्या गाडीने सोलापूर गाठतात. पोरांनी फारच हट्ट धरला तर गेटवे. मागच्या खेपेला आम्ही वस्तीतली अकरा मुले-मुली घेऊन एक दिवस जास्त थांबलो आणि फोर्टातल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात गेलो. (तिकिटे, लोकल आणि वडापाव यांचा हिशेब वर्गणीदारांना दिला आहे, काळजी नसावी.)

या वास्तूची पायाभरणी 1905 साली ब्रिटिश युवराजाच्या हस्ते झाली. आराखडा जॉर्ज विटेट यांचा. 1914 ला इमारत उभी राहिली, पण वस्तू मांडण्याआधीच महायुद्ध पेटले आणि दालनांत जखमी सैनिकांच्या खाटा लागल्या. लोकांसाठी दारे उघडली ती 10 जानेवारी 1922 ला. पुढे 1998 साली प्रिन्स ऑफ वेल्स हे नाव जाऊन आजचे नाव आले.

पोरे आधी धावली ती प्राण्यांच्या दालनाकडे. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या मदतीने 1923 पासून उभे राहिलेले हे दालन. गवा, वाघ, धनेश, सगळे आपापल्या रानात उभे असल्यासारखे मांडलेले. रोहित पक्षी पाहून एक पोरगा ओरडलाच, "काका, हा तर आपल्या उजनीवर येतो!" पेंढा भरलेल्या पाखरांत काय बघायचे, असे आम्हाला पूर्वी वाटे. पण आपल्या नान्नजला 1979 साली माळढोकासाठी अभयारण्य झाले, आणि त्या अकरा पोरांपैकी एकानेही माळढोक पाहिलेला नव्हता. माळावरून पाखरू गेले की त्याची उंची किती, पिसांचा रंग कसा, हे सांगायला शेवटी असे एखादे कपाटच उरते.

आमचे पाय खरे थांबले ते मीरपूरखासच्या मूर्तींपुढे. हे गाव सिंधमध्ये, म्हणजे आता पाकिस्तानात. तिथे विटांचा मोठा स्तूप होता. लोक त्याच्या विटा वर्षानुवर्षे उपसून नेत होते. 1909-10 मध्ये हेन्री कझिन्स यांनी उरलेले टेकाड खणले, तेव्हा भाजक्या मातीच्या बुद्धमूर्ती निघाल्या. त्यांच्याबरोबर एक उभा माणूसही निघाला. कुरळे केस, हातात कमळ. स्तूपाला दान देणारा हा उपासक असावा, असे अभ्यासक मानतात. दीड हजार वर्षे होऊन गेली, कमळ अजून हातातच आहे.

आमच्यातल्या एका मुलीने विचारले, "यांचं नाव काय?"

नाव कोणालाच ठाऊक नाही, असे आम्ही सांगितले. आणि सांगताना आम्हाला आमची वही आठवली.

आमचे आजोबा जुन्या गिरणीत होते. 1956 च्या दीक्षेनंतर वस्तीत विहार बांधायचे ठरले, तेव्हा वर्गणीची वही त्यांच्याकडे होती. कोणाचे चार आणे, कोणाचा रुपया, एका बाईंच्या नावापुढे पैशाऐवजी दोन पायल्या ज्वारी. ट्रंकेत ती वही, गिरणीचा पितळी बिल्ला आणि एक लाकडी बॉबिन असे सगळे होते. 2009 साली घराला रंग काढताना ट्रंक भंगारवाल्याला गेली आणि वही रद्दीत, किलोच्या भावाने. घालणारे आम्हीच. बी. कॉम. झालेलो, दिवसभर ऑफिसात दुसऱ्यांच्या वह्या सांभाळणारे. मीरपूरखासच्या उपासकाचे नाव काळाने पुसले म्हणावे, आमच्या उपासकांची नावे तर आम्ही वजनकाट्यावर ठेवली.

मुंबई लांब पडते असे म्हणणाऱ्यांसाठी बार्शीच्या पुढे तेर आहे. सातवाहनांच्या काळातली व्यापारपेठ, जुन्या ग्रीक लेखनातले तगर. तिथल्या विटांच्या त्रिविक्रम मंदिराची वास्तू मुळात बौद्ध चैत्यगृह असावी, असे याच कझिन्स यांनी लिहून ठेवले आहे. तेरच्या पांढरीत सापडणारे मणी, मृण्मूर्ती, शंखाच्या बांगड्या गावच्याच रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर जमवल्या, आणि त्यातून आजचे सरकारी संग्रहालय उभे राहिले. ते काही पुरातत्त्व खात्याचे अधिकारी नव्हते. दुसऱ्याला खापर दिसले तिथे त्यांना वस्तू दिसली, एवढेच.

आम्ही मुंबईहून आल्यावर विहारातल्या लोखंडी कपाटाचा वरचा कप्पा मोकळा करून घेतला. म्युझियममध्ये वस्तू आली की आधी ती नोंदवहीत चढते: क्रमांक, वस्तू काय, दिली कोणी, वापरली कोणी. हे काम कारकुनाला कोणी शिकवायला नको. तेव्हा वाचकांनी आपापल्या ट्रंका उघडून पाहाव्यात. 4 जानेवारी 1925 ला बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात वसतिगृह काढले होते. तिथे राहून शिकलेल्यांच्या घरी एखादे पत्र, एखादा फोटो असेल. मात्र फाटक्या कागदाला चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर अजिबात करू नका, कागद कायमचा वाया जातो. फोटोमागे पेन न चालवता पेन्सिलीने हलक्या हाताने नावे लिहा, आणि ती सांगणारे म्हातारे माणूस घरात आहे तोवरच लिहा.

आजवर सात नोंदी झाल्या. सातवी एका आजींची, विड्या वळायचे सूप आणि पाने कापायची कात्री. आम्ही क्रमांक घातला, आजींचे नाव लिहिले, सही म्हणून अंगठा घेतला. त्या जिन्यापर्यंत गेल्या आणि परत वळल्या.

"कात्री लागतीय की रे बाळा मला अजून. उद्या सकाळी देशील का?"

नोंदवहीत आम्ही त्यापुढे लिहिले आहे: कात्री उसनी दिली.