घोडीची गर्भधारणा : आधी निगा, मग सुई

दरवर्षी मार्गशीर्ष महिन्यात दत्तजयंतीच्या सुमारास नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेडा येथे घोड्यांचा मोठा बाजार भरतो. तेथून अनेक शेतकरी व घोडेपालक पैदाशीसाठी घोडी खरेदी करून आणतात. घरी आणल्यावर महिना उलटला तरी घोडी माजावर येत नाही, तेव्हा मालकाचा धीर सुटतो. गाईम्हशींना माजावर आणणाऱ्या सुया त्याने पाहिलेल्या असतात. तशीच एखादी सुई घोडीलाही टोचावी, असा आग्रह तो धरतो. हा आग्रह समजण्यासारखा असला तरी बहुतेक वेळा तो व्यर्थ ठरतो. क्वचित घातकही ठरतो.

शरीरातील ग्रंथींतून रक्तात मिसळणारे आणि दूरच्या अवयवाकडून काम करवून घेणारे जे स्राव, त्यांना संप्रेरके म्हणजेच हॉर्मोन म्हणतात. घोडीच्या बाबतीत या संप्रेरकांची पहिली सूत्रे सूर्याच्या हाती आहेत. दिवस लहान व रात्र मोठी असली की मेंदूतील पीनियल ग्रंथीतून मेलॅटोनिन अधिक काळ स्रवते आणि प्रजननाची यंत्रणा मंदावते. दिवस वाढू लागले की मेंदूकडून पीयूषिका ग्रंथीला इशारा मिळतो व अंडाशयाला चालना देणारी संप्रेरके रक्तात येऊ लागतात. दत्तजयंतीचा काळ हा नेमका वर्षातील सर्वांत लहान दिवसांचा काळ होय. महाराष्ट्रात लहान व मोठ्या दिवसांत सुमारे दोन तासांचेच अंतर असल्यामुळे थंड देशांइतकी घोडी येथे पूर्णपणे स्वस्थ राहतेच असे नाही. काही घोड्या हिवाळ्यातही माजावर येतात. परंतु प्रवासाने शिणलेली व अंगाने उतरलेली घोडी या दिवसांत माज दाखवीत नसेल, तर तो रोगच आहे असे मानण्याचे कारण नाही.

हंगाम सुरू झाला म्हणजे अंडाशयातील अनेक बीजपुटकांपैकी बहुधा एक पुढे जाते. माजाच्या दिवसांत ते दररोज सुमारे तीन मिलिमीटरने वाढते व ३५ ते ४५ मिलिमीटरचे झाले म्हणजे फुटते. या पुटकातून स्रवणाऱ्या इस्ट्रोजेनमुळे घोडी माज दाखविते. त्याच वेळी पीयूषिकेतील दुसरे संप्रेरक हळूहळू चढत जाऊन आतील स्त्रीबीज पक्व करते व पुटक फोडते. माज साधारणपणे पाच ते सात दिवस टिकतो आणि स्त्रीबीज बाहेर पडते ते माज संपण्याच्या एकदोन दिवस आधी. ते जेमतेम अर्धा दिवस जगते. नराचे बीज मात्र दोन दिवस तग धरू शकते. म्हणून माजाच्या दुसऱ्या वा तिसऱ्या दिवसापासून माज ओसरेपर्यंत एक दिवसाआड घोडी फळविण्याची रीत शास्त्राला धरूनच आहे. फुटलेल्या पुटकाच्या जागी पीतपिंड तयार होतो व त्यातील प्रोजेस्टेरॉन गर्भाचे रक्षण करते. गर्भ राहिला नाही, तर चौदाव्या-पंधराव्या दिवसाच्या सुमारास गर्भाशयातून प्रोस्टाग्लँडिन स्रवून पीतपिंड विरतो आणि साधारण २१-२२ दिवसांनी माज पुन्हा येतो.

या क्रमातील एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावयास हवी. घोडीची सर्व स्त्रीबीजे तिच्या जन्मापासूनच अंडाशयात असतात. कोणतीही सुई नवे बीज निर्माण करीत नाही आणि वयाने क्षीण झालेल्या बीजाला तारुण्यही देत नाही. सुई फक्त हुकूम देते. तो पाळण्यास पुटक सिद्ध असावे लागते. पुटक फोडणारी सुई पुरेशा वाढलेल्या पुटकावर दिली, तर बहुधा दोन दिवसांत बीज सुटते. हिवाळ्यातील निद्रिस्त अंडाशयावर तिचा उपयोग होत नाही. माज आणणारी प्रोस्टाग्लँडिनची सुई पीतपिंड विरविते. पीतपिंडच नसेल तर ती विरविणार काय?

गाईम्हशींचा अनुभव घोडीस तसाच लावणेही योग्य नाही. १९३० साली कॅलिफोर्निया विद्यापीठातील कोल व हार्ट या शास्त्रज्ञांनी गाभण घोडीच्या रक्तात अंडाशयास चेतविणारे एक संप्रेरक असल्याचे दाखविले. पुढे ते गाई व मेंढ्यांच्या अंडाशयातील पुटके वाढविण्यासाठी वापरले जाऊ लागले. पण खुद्द घोडीच्या पुटकांवर त्याचा परिणाम फारसा होत नाही. एका जनावराचे औषध दुसऱ्यास चालेलच असे नाही, याचा याहून बोलका दाखला कोणता हवा?

घोडीचा गर्भकाळ अकरा महिन्यांचा असतो व एक हंगाम वाया जाणे म्हणजे वर्षभराचा दाणावैरण अंगावर पडणे, हे मालकाचे म्हणणे खरे आहे. पण घाईने होणारे नुकसान याहून मोठे असते. बाजारातून आणलेली घोडी आधीच गाभण असण्याचा संभव असतो. तपासणीवाचून प्रोस्टाग्लँडिन टोचल्यास पोटातील शिंगरू जाते. गर्भ ३५ ते ४० दिवसांहून मोठा झाल्यावर गेला, तर गर्भाशयात तयार झालेली विशेष ऊती पुढेही काही काळ स्रवत राहते आणि घोडी तीन-चार महिन्यांच्या गर्भकाळाइतका वेळ नीट माजावर येत नाही. म्हणजे शिंगरूही गेले आणि हंगामही गेला. शिवाय हे औषध कातडीतून माणसाच्या अंगात भिनते. गरोदर स्त्रियांनी व दमेकऱ्यांनी त्यास हातही लावू नये.

तेव्हा ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी घोडीमालकास पुढील क्रम पटवून द्यावा. घोडी आणताच पशुवैद्यकाकडून तिची गर्भतपासणी करून घ्यावी. बरगड्या डोळ्यांस दिसू नयेत, पण हात फिरविल्यास लागाव्यात, इतपत अंग भरेल असा चारा व खुराक द्यावा. लवकर माज हवा असल्यास तबेल्यात संध्याकाळनंतर दिवा ठेवून दिवसाचा उजेड सोळा तासांपर्यंत वाढवावा. उजेड वर्तमानपत्र वाचता येईल इतका असावा. याचा परिणाम दिसण्यास दोन महिन्यांहून अधिक काळ लागतो, म्हणून मध्येच धीर सोडू नये. हंगामाच्या आरंभी माज लांबतो व बीज सुटत नाही. तेव्हा रोज नर देऊन दोन्ही जनावरांना शिणवू नये. माज लागल्याची व ओसरल्याची तारीख वहीत नोंदवावी. फळविल्यानंतर चौदा ते सोळा दिवसांनी सोनोग्राफी करून घ्यावी. घोडीस जुळी सहसा पेलत नाहीत व ती याच वेळी ओळखता येतात.

एवढे केल्यावर सुईची गरज भासली, तर ती पशुवैद्यकाने पुटक तपासून अवश्य द्यावी. तेथे ती उपकारकच ठरते. परंतु ज्याच्या वहीत माजाची एकही तारीख नाही, त्याने सुई मागण्याआधी वही मागावी, हे उत्तम.